चालत्या स्टेशनला घातलेला टाका

(दृश्य: सकाळ. नागपूर स्टेशनचा पूर्वेकडचा, संत्रा मार्केटचा दरवाजा. ऑटो, हातगाड्या. वरून मेट्रो जाते.)

इथं उभं राहिलं की दोन आवाज एकदम येतात. खालून गाड्यांचा पुकारा, हमालांची घाई आणि "कुठं जाचं भाऊ?" म्हणत मागं लागणारे ऑटोवाले. वरून खांबांवरच्या मेट्रोची मऊशी घरघर. या दोन आवाजांच्या मधोमध एक बाई उभ्या आहेत. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हाताच्या बोटाला पोरगं, नजर वर, मेट्रोच्या पाटीकडे.

नागपूरकराला एक रुखरुख आहे. पुण्यात मेट्रो जमिनीखालून जाते, मुंबईत जाते, आणि आपल्याकडं मात्र जिकडं पाहावं तिकडं खांबच खांब. टपरीवर चहा घेताना कुणीतरी हे हमखास काढतो. "राजेहो, आपल्या स्टेशनखालून नसती का नेता आली?"

आली असती. पण त्यासाठी काय काय करावं लागलं असतं, ते एकदा बघू या.

(दृश्य: स्टेशनची दगडी इमारत, पश्चिमेकडून.)

नागपूरला रूळ आले ते १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे. नंतर पूर्वेकडून बंगाल-नागपूर रेल्वे येऊन मिळाली आणि पुढं उत्तरेकडून इटारसीची लाइन. आज आपण जिच्या समोर फोटो काढतो त्या इमारतीचं उद्घाटन झालं १५ जानेवारी १९२५ रोजी, मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते. म्हणजे नवी लाइन आली की तिला सामावून घ्यायची या स्टेशनची सवय जुनीच. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग इथं भेटतात. आणि हो, डायमंड क्रॉसिंग, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात ती जागा. ते खरं डायमंड आहे की नाही, यावर रेल्वेप्रेमींमध्ये जुंपते. आपण त्यात पडायला नको.

मुद्दा असा, की हे स्टेशन कधी झोपत नाही. दुकानाची डागडुजी करायची तर शटर ओढता येतं. इथं शटरच नाही.

(दृश्य: सीताबर्डीची टेकडी. हळूहळू कॅमेरा खाली, खणलेल्या खड्ड्यातल्या काळ्या मातीवर.)

आधी जमीन. नागपूर एका भूगर्भीय सीमेवर वसलंय. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बसाल्ट. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइससारखे (पट्टेदार, कठीण) खडक. उत्तरेला कामठीकडं वालुकाश्म. वरून बऱ्याच भागात काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती. बर्डीवरून पूर्वेला इतवारीकडं भुयार न्यायचं म्हटलं, तर यंत्राला वाटेत खडक बदललेला भेटणार. भुयार खणणाऱ्या मशीनला, म्हणजे टीबीएमला, कठीण दगड चालतो, मऊ मातीही चालते. वैताग येतो तो अर्ध्या तोंडाला दगड आणि अर्ध्या तोंडाला माती लागली की. मशीन मऊ बाजूला कलतं, दगडाकडचे दात झिजतात, आणि मऊ बाजूची माती जास्त आत ओढली गेली तर वरची जमीन खचते.

वर शेत असेल तर बोटभर खचणं कुणाला कळतही नाही. पण वर रूळ असतील तर? रुळांचा हिशेब मिलिमीटरमध्ये चालतो. एक रूळ दुसऱ्यापेक्षा थोडा खाली बसला तरी गाडीचा वेग उतरवावा लागतो. मग ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर पडते: अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर, इतक्याच वेगानं. मागच्या गाड्या खोळंबतात. ट्रॅकमन गिट्टी ठोकून रूळ पुन्हा पातळीत आणतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच काम परत.

म्हणून असल्या कामात खणण्याआधी मोजणी सुरू होते. जुन्या भिंतींवर छोटे काचेचे प्रिझम बसवतात, बोराएवढे. समोर एका खांबावरचं यंत्र रात्रंदिवस एकेका प्रिझमकडे वळतं, अंतर मोजतं, पुढच्याकडे वळतं. जुन्या तड्यांवर मापपट्ट्या चिकटवतात. आधीचा तडा कोणता आणि नवा कोणता, हे नंतर भांडायच्या वेळी उपयोगी पडतं.

(दृश्य: साधं रेखाचित्र. वर रूळ, खाली भुयार, बाजूला स्टेशनची पेटी.)

भुयारी स्टेशन म्हणजे जमिनीत पुरलेली एक भलीमोठी काँक्रीटची पेटी. रस्त्याखाली ती बांधायची तर बाजूच्या भिंती आधी जमिनीत उतरवतात, वर छत टाकतात, रस्ता मोकळा करून देतात आणि मग छताखाली खणत जातात. रुळांखाली हे जमत नाही. तिथं तयार काँक्रीटचा चौकोनी बोगदा जॅक लावून इंचाइंचानं आत ढकलतात. रेल्वेवाले याला बॉक्स पुशिंग म्हणतात. वरून गाड्या चालू असतात, फक्त हळू.

आणि मग येतो खरा सांधा.

एका बाजूला मेट्रोकडून आलेला नवा भुयारी रस्ता तयार, दुसऱ्या बाजूला जुनं स्टेशन, मध्ये एक भिंत. ती पाडायची तर ब्लॉक घ्यायचा. ब्लॉक म्हणजे रेल्वेनं दिलेले मोजके तास, बहुतेकदा रात्रीचे. भिंतीमागं काय आहे, हे नकाशात असतंच असं नाही. शंभर वर्षांत कुणी केबल टाकली, कुणी पाण्याची लाइन वळवली, कुणी जुना पाया तसाच सोडला. म्हणून आधी हातानं चाचणी खड्डे घेतात. पोकलेनचं बकेट एका सिग्नल केबलला लागलं की पुढचे सिग्नल लाल, आणि स्टेशनात उभ्या गाडीतल्या प्रवाशाला कळतही नाही की आपण का थांबलोय.

भिंत घणानं फोडत नाहीत, तिला हादरा सोसत नाही. हिऱ्याचे मणी ओवलेली तार फिरवून कापतात. मग जुनं आणि नवं जिथं टेकतं, तिथं दोघांना घट्ट बांधायचं नसतं. जुनी इमारत बसून झालेली आहे, नवी अजून बसायची आहे. दोघींना बांधून टाकलं तर एक दुसरीला ओढते आणि तडा जातो. त्यामुळं मध्ये फट ठेवतात, आणि त्या फटीत रबराची रुंद पट्टी, पाणी अडवायला. तळहाताएवढी ती पट्टी नीट बसली नाही, तर जुलैत सगळ्या कोट्यवधींच्या कामाखाली एक प्लास्टिकची बादली ठेवावी लागते. बादली तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे.

(दृश्य: पुणे, जिल्हा न्यायालय स्टेशन. एकामागून एक सरकते जिने.)

नागपूरच्या मेट्रो कंपनीचीच पुढं महामेट्रो झाली आणि तिनं पुण्याची भुयारं केली. जिल्हा न्यायालय स्टेशनात खालची लाइन सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि दुसरी लाइन चक्क रस्त्याच्या वर. एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचं तर पाताळातून माडीवर. मुंबईची ३ नंबरची मेट्रो ३३.५ किलोमीटर लांब. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. चर्चगेट, सीएसएमटी अशा जुन्या, गजबजलेल्या स्टेशनांच्या कुशीत तिची स्टेशनं आहेत. मुंबईत वर जागाच उरली नव्हती, त्यामुळं दुसरा इलाजही नव्हता.

आपल्याकडं आकाश मोकळं होतं. भुयाराला खांबांवरच्या लाइनीपेक्षा दुप्पट-तिप्पट खर्च येतो. तो हिशेब नागपुरात मांडायला फार वेळ लागला नसावा.

(दृश्य: गड्डीगोदाम. कॅमेरा खालून वर.)

वरून जाणं सोपं असतं असं मात्र समजू नका. नागपुरातल्याच गड्डीगोदामला या. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. चार मजले वाहतुकीचे. रेल्वेवरचा लोखंडी पूल सुमारे १,६५० टनांचा, आणि तोही चालत्या रुळांच्या डोक्यावर चढवलेला. इथंही ब्लॉक, इथंही रात्र. भुयारात जमीन खचायची भीती, इथं एक नटबोल्ट खाली पडायची. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला, आणि त्याच दिवशी, ११ डिसेंबरला, नागपूर स्टेशनच्या सुमारे ५९० कोटींच्या पुनर्विकासाचा पायाही घातला गेला. म्हणजे टाका घालायचं काम अजून चालूच आहे.

माझं म्हणाल तर, वरून की खालून, हा वाद मला दुय्यम वाटतो. इंजिनियर नकाशावर दोन स्टेशनं जोडतो आणि मध्ये एक बारीक रेघ काढतो. त्या रेघेवरून सुटकेस ओढत कुणाला तरी चालायचं असतं. पश्चिमेच्या दरवाजातून बाहेर पडणाऱ्याला मेट्रो गाठायची तर सगळे प्लॅटफॉर्म ओलांडून पूर्वेला यायचं. लिफ्ट चालू आहे का, पाटी मराठीत दिसते का, पावसात डोक्यावर छत आहे का, यावर त्या रेघेची लांबी ठरते.

(दृश्य: पुन्हा पूर्व दरवाजा. त्या बाई सरकत्या जिन्यावर. मग मेट्रोच्या डब्यात.)

बाई वर पोचल्या. तिकीट निघालं. पोरगं खिडकीला चिकटलंय. गाडी कॉटन मार्केट सोडते, आणि आनंद टॉकीजजवळ एकदम खाली रेल्वेचे रूळ पसरतात, सकाळच्या उन्हात चकाकणारे. पोरगं मोजायला लागतं. एक, दोन, तीन, चार... मध्येच खालून एक मालगाडी येते आणि मोजणी चुकते.

"आई, परत मागं जाऊ ना."

सीताबर्डी आली.