हो की नाही, एवढंच सांगा

व्याख्यान सुरू होण्याआधीच दोन चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या. पहिलीत लिहिलंय : ‘शरीरावर काम करून मनाचा आजार बरा होतो का? हो की नाही, एवढंच सांगा.’ तेवढ्यावर भागणार असतं, तर आपण सगळे पाच मिनिटांत चहाला गेलो असतो.

भीतीनं पोटात गोळा येतो, वाईट बातमीनं हातपाय गळतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे शरीराधारित मानसोपचाराची कल्पना ऐकताक्षणी पटते. मला तिची धास्ती वाटते ती याचमुळे. जे लगेच पटतं ते तपासायचं राहून जातं.

या उपचाराचं मूळ विल्हेल्म राइखपाशी जातं. हा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या वर्तुळातला माणूस. दाबलेल्या भावनांचं स्नायूंमध्ये कवच तयार होतं, असं त्याचं म्हणणं. मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून तो १९३४ साली बाहेर पडला, म्हणजे त्याला काढलंच. पुढे ‘ऑर्गोन’ नावाच्या, त्यानंच कल्पिलेल्या ऊर्जेच्या पेट्यांच्या नादी लागला आणि १९५७ साली अमेरिकेतल्या तुरुंगात वारला. त्या बदनामीचं ओझं पुढच्यांना बराच काळ वाहावं लागलं.

आज शरीराधारित मानसोपचार या नावाखाली श्वास, हालचाल, स्पर्श, अंगातल्या संवेदनांकडे लक्ष देणं असं बरंच काही येतं. त्यातली एकच गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात सगळा पेच आहे.

स्किझोफ्रेनियात भास आणि संशय यांवर औषधं बऱ्यापैकी चालतात. पण माणूस गप्प होतो, चेहऱ्यावरचे भाव जातात, कशात रस उरत नाही, त्यावर ती फारशी चालत नाहीत. यांना नकारात्मक लक्षणं म्हणतात. घरच्यांना वाटतं, आळशी झालाय. लंडनमध्ये फ्रँक रोरिश्ट आणि स्टेफान प्रीब यांनी अशा ४५ रुग्णांवर केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला शरीराधारित गट-उपचार, दुसऱ्याला आधार देणारं समुपदेशन, दोन्हींची वीस-वीस सत्रं. पहिल्या गटाची लक्षणं ठळकपणे कमी झाली. झालं, आशा पालवली.

मग त्यांनीच मोठी चाचणी केली. २७५ रुग्ण. या वेळी दुसऱ्या गटाला बोलणं नव्हे, पिलाटिजचा व्यायाम दिला. तोही गटातच, तितकीच सत्रं, अंग हलतंय, पण मानसोपचार नाही. २०१६ साली निकाल आला : दोन गटांत नकारात्मक लक्षणांचा फरक जवळजवळ शून्य. स्वतःच्याच आशेवर इतकी कडक कसोटी लावून उत्तर जसंच्या तसं छापलं, याबद्दल मला त्या लोकांचा आदर वाटतो.

आघातानंतरच्या ताणाचं, म्हणजे पीटीएसडीचं चित्र जरा बरं दिसतं. बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६४ स्त्रियांवर चाचणी केली, प्रसिद्ध झाली २०१४ साली. आधीच्या उपचारांनी त्यांना उतार पडला नव्हता. दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या. आरोग्यशिक्षणाच्या वर्गातल्या २९ पैकी ६. (आपल्याकडे लगेच छाती फुगते, म्हणून सांगते : हा योग इतर उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हे.) इस्रायलमध्ये ६३ जणांवर ‘सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंग’ची, म्हणजे अंगातल्या संवेदनांकडे लक्ष देऊन आघातावर काम करण्याच्या पद्धतीची चाचणी झाली, २०१७ची. निकाल चांगला, पण तुलना प्रतीक्षा यादीवरच्या लोकांशी. नुसतं थांबून राहिलेल्या माणसापेक्षा कुणीतरी आपुलकीनं पंधरा वेळा भेटलेला माणूस सुधारला, यात शरीराचा वाटा किती नि आपुलकीचा किती?

२०२१ साली शरीराधारित मानसोपचाराच्या १८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा परिणाम मध्यम निघाला. म्हणून पहिल्या चिठ्ठीला माझं उत्तर : आघात, ताण यांत काहींना उपयोग होतो, तो नेमका शरीरावरच्या कामाचाच, हे अजून सिद्ध नाही. उपचारक स्पर्श करणार असेल तर त्यानं आधी विचारलंच पाहिजे, आणि तुम्हाला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. ज्यांच्यावर अत्याचार झालाय त्यांच्या बाबतीत तर यात तडजोडच नाही.

दुसरी चिठ्ठी : ‘हे सुरू केल्यावर मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या मनानं बंद केल्या तर चालेल का?’

नाही. याला मात्र एका शब्दात उत्तर आहे.