वीतभर मोकळी जागा

[रात्र. अंधारी खोली, लाल उजेडाचा ठिपका]

सोलापूरचा पूर्व भाग. शेजारच्या कारखान्यात रात्रपाळीचे माग खडखडताहेत. इकडे अण्णांनी घरातल्या प्रवाळाच्या टाकीचे दिवे मालवलेत. हातात लाल टॉर्च, कारण पांढरा उजेड पडला की हे जीव अंग चोरून घेतात.

हा गॅलेक्सिया, प्रवाळाची एक जात. संध्याकाळी हिरव्या चांदण्यांचा गुच्छ वाटत होता. आता त्यातून पांढुरके धागे सुटलेत, सुताची लड उसवावी तसे. छंदवाले यांना स्वीपर म्हणतात. टोकाला डंख मारणाऱ्या पेशी ठासून भरलेल्या. लांबी 30 सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. शेजाऱ्याला लागले, की तिथलं मांस झडून सांगाडा उघडा.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण पळता येत नाही. मग जागेसाठी भांडण. काही जाती तर पोटातले तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला तिथल्या तिथे पचवतात. संशोधक ज्युडिथ लँग यांनी जमैकाच्या समुद्रात या भांडणाचा अभ्यास केला, 1970च्या आसपास.

[सकाळ. फरशीवर खडू, बाटल्यांची झाकणं]

अण्णांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं; नक्षी आधी कागदावर, मग मागावर. टाकीचंही तसंच. फरशीवर खडूने टाकी आखली, एकेक झाकण म्हणजे एकेक प्रवाळ. मोजायला हाताची वीत. टॉर्च कोरल नावाच्या प्रवाळाभोवती वीतभर. गॅलेक्सियाला दीड वीत, तीही कोपऱ्यात, आणि टाकीतल्या पंख्याचा प्रवाह त्याच्याकडून काचेकडे, कारण धागे वाहत्या पाण्याच्या दिशेनेच लांबतात. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे प्रवाळ एकमेकांचे भाऊबंद, टेकले तरी बहुधा भागतं. टॉर्च कोरल मात्र त्यांनाही सोडत नाही. अंतर मोजायचं ते पूर्ण फुललेल्या प्रवाळाचं, आणि पुढच्या वाढीची जागा धरून. नवा छंदवाला नेमका इथेच फसतो: दुकानातला दोन बोटांचा तुकडा बघतो आणि सगळा खडक भरून टाकतो.

[फिल्टर, कार्बनची पिशवी]

लेदर कोरलपुढे वीत चालत नाही. तो पाण्यातच रसायनं सोडतो. त्याला उपाय ही काळी पिशवी, कार्बनची, वरचेवर बदलायची.

[आरओचे कॅन, मीठ, इन्व्हर्टर]

नळ काही दिवसांआड. उन्हाळ्यात बाहेर 42 अंश, टाकीत 26. लाईट गेली की इन्व्हर्टर.

आपल्या समुद्रातलं खडक बांधणारं प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. तुकड्याचे कागद नसतील तर घेऊ नका.

[टाकी, दुपारचा उजेड. मधोमध उघडा खडक]

पाहुणे आले की याच जागेवर बोट ठेवतात. इथं काहीच नाही, रिकामंच ठेवलंय का?

अण्णा हसतात. “दिवसा नाही. रात्री येऊन बगा की.”