विचारायचं कुणी?

श्रोतेहो, नमस्कार.

अवयवदानाचा विषय निघाला की आपण नातेवाइकांना बोल लावतो. मला आज अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-सिस्टरांबद्दल बोलायचं आहे. घरच्यांपुढे हा विषय काढायची वेळ त्यांच्यावर येते, आणि तीही आपल्यासारख्याच घरांत वाढलेली माणसं आहेत.

१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मेंदूमृत्यूला, म्हणजे मेंदूचं काम कायमचं बंद पडण्याला, मृत्यू मानलं. चार डॉक्टरांचं मंडळ तपासण्या करतं, किमान सहा तासांनी त्या पुन्हा करतं. प्रत्यारोपण करणारा एकही डॉक्टर त्या मंडळात नसतो. कायदा इतका काटेकोर आहे. पण खाटेजवळच्या सिस्टरला काय दिसतं? व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, हात ऊबदार आहे, मॉनिटरवर ठोके उमटताहेत. श्वास थांबला की माणूस गेला, हे लहानपणापासून पाहिलेलं. अशा वेळी ‘तुमचा मुलगा गेला’ हे शब्द तोंडातून निघणं फार कठीण. मग ‘सीरियस आहे’ एवढंच सांगितलं जातं आणि घरचे नवस बोलत बसतात.

धर्मानं मनाई केली आहे का? दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपण मुलांना सांगतो. इस्लामी फिक्ह अकादमीनं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या संस्थेनं, १९८६मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानच्या बैठकीत मेंदूमृत्यू मान्य केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २०००मध्ये रोमला प्रत्यारोपणतज्ज्ञांसमोर अवयवदानाचा गौरव केला. पण वॉर्डात पोहोचतो तो आजीनं सांगितलेला धर्म: देह अखंड जावा, डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं. नर्सिंगच्या तीन-चार वर्षांत हे पुसलं जात नाही, आणि त्याबद्दल कुणाला हिणवूही नये. ही भीती मनात दाबून विचारलेला प्रश्न चाचरतच येतो. समोरच्या आईला ते लगेच कळतं.

म्हणून माझी कळकळीची मागणी आहे. मेंदूमृत्यूच्या तपासणीत रुग्णाला व्हेंटिलेटरवरून काढतात, नळीतून ऑक्सिजन देत राहतात आणि काही मिनिटं छातीकडे पाहत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, तरी एकही श्वास येत नाही. त्या वेळी सिस्टरला तिथे उभं राहू द्या, तिच्या शंका तिथेच विचारू द्या. मृत्यूची बातमी आधी सांगा, घरच्यांना रडू द्या. दानाचा विषय नंतर, वेगळ्या खोलीत, रुग्णालयातल्या अवयवदान समन्वयकानं काढावा. ‘पण त्याचं काळीज धडधडतंय ना हो?’ असं आईनं विचारलं, तर सिस्टर तिला स्वतः पाहिलेलं सांगू शकेल.