वाळूखालचं पाणी: लॉस ओसोसच्या भुयारी गटाराची गोष्ट

[दृश्य: सकाळचं धुकं, उथळ खाडी, तोंडाशी उभा मॉरो रॉक हा प्रचंड खडक]

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या साधारण मधोमध, मॉरो बे नावाची खाडी आहे. तिच्या काठाशी, जुन्या वाळूच्या टेकाडांवर लॉस ओसोस वसलंय. ओसोस म्हणजे अस्वलं. १७६९ मध्ये स्पॅनिश मोहीम इथून गेली, तेव्हा या खोऱ्यात अस्वलं दिसली आणि नाव पडलं. आज वस्ती १४ हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाला भुयारी गटार मिळायला ३३ वर्षं लागली. प्रत्यक्ष खोदकाम आणि बांधकाम त्यातलं जेमतेम ४ वर्षांचं.

[दृश्य: घराचं आवार, झाकण काढलेली सेप्टिक टाकी]

इथे घरोघरी सेप्टिक टाकी होती. गाळ टाकीत तळाला बसायचा, वरचं पाणी जमिनीत जिरायचं, आपल्याकडे शोषखड्ड्यात जिरतं तसं. घरं विरळ असली की जमीन हे काम निभावून नेते. पण इथे प्लॉट चिंचोळे, घराला घर लागून. वाळूतून जाताना जंतू बरेचसे गाळले जातात. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं, ते पाण्याबरोबर थेट भूजलात उतरतं. आणि गाव पितं तेच भूजल. धरण नाही, कालवा नाही, बाहेरून पाणी आणणारी पाइपलाइन नाही. आवारातल्या टाकीतून खाली गेलेलं पाणी फिरून नळाला येणार, हे उघड होतं.

जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळांना फार घातक. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच ते कमी करतं. वरच्या थरातलं पाणी नासत गेलं, तशी खालच्या, खोल थरावर भिस्त वाढली. पण समुद्राकाठी खोल थरातलं गोडं पाणी जास्त उपसलं, की रिकाम्या जागेत समुद्र आत सरकतो. वरून मैला आणि बाजूनं खारं पाणी, अशा कात्रीत गाव सापडलं. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती या खाऱ्या पाण्याची. एकदा आत शिरलं, की ते सहजी मागे हटत नाही.

१९८३ मध्ये तिथल्या जलगुणवत्ता मंडळानं ठराव केला: १९८८ पासून गावाच्या मोठ्या भागात सेप्टिक टाक्यांचं पाणी जमिनीत सोडायला बंदी. टाकी चालणार नाही आणि गटार तर नाहीच. मग नवं घर बांधायचं कसं? हौसेनं घेतलेले प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे पडले.

[दृश्य: ग्रंथालयाजवळची मोकळी जागा, पलीकडे खाडी]

गटार हवं, यावर बहुतेकांचं एकमत होतं. मैलाशुद्धीकरण केंद्र कुठे, आणि पैसे कोण भरणार, इथे सगळं अडलं. एका आराखड्यात केंद्र ऐन गावात येत होतं. २००५ मध्ये तिथे काम सुरूही झालं. त्याच सप्टेंबरात मतदारांनी, गटाराचं काम पाहणाऱ्या गावच्या सेवा मंडळाच्या पाचपैकी तीन संचालकांना मतदान करून पदावरून हटवलं, नव्या मंडळानं काम थांबवलं, आणि पुढच्या वर्षी मंडळ दिवाळखोरीत गेलं. शेजारीपाजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. विरोधकांना मी दोष देणार नाही. निवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांवर जगणाऱ्या माणसासमोर हजारो डॉलरचं देणं उभं राहिलं, तर तो जाब विचारणारच. पण जुन्या घरांच्या टाक्या चालूच होत्या, आणि थांबलेल्या प्रत्येक वर्षी नायट्रेट खाली उतरतच होतं, हेही तितकंच खरं.

२००६ मध्ये राज्यानं कायदा करून हे काम काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे सोपवलं. २००७ मध्ये प्रत्येक घरामागे सुमारे २५ हजार डॉलरच्या आकारणीला मालमत्ताधारकांनी मोठ्या बहुमतानं होकार दिला. केंद्राची जागा गावाबाहेर, पूर्वेच्या शेतजमिनीत ठरली.

[दृश्य: रस्त्यात खणलेला चर, लोखंडी आधार, पाण्याचे पंप]

२०१२ मध्ये खोदकाम सुरू झालं. मैलापाणी उतारानं वाहतं, म्हणून पाइपाला शेवटपर्यंत नेमका उतार लागतो. कमी पडला तर मैला साचतो. सखल भागात सगळं गोळा करून पंपानं वर चढवावं लागतं. त्यासाठी उपसा केंद्रं बांधली. वाळूत चर खणला की कडा ढासळतात, खाडीजवळ तर तळातून पाणीच वर येतं. म्हणून आधी पाणी उपसायचं, लोखंडी चौकट उतरवायची, मग पाइप. ही चुमाश या इथल्या मूळनिवासी लोकांची प्राचीन भूमी. त्यामुळे खोदाईवर पुरातत्त्वज्ञांबरोबर चुमाश प्रतिनिधींचीही नजर होती.

२०१६ मध्ये केंद्र सुरू झालं. एकूण खर्च १८ कोटी डॉलरच्या घरात.

मग घरोघरीची कामं. जोडणीआधी जुने, भरमसाट पाणी पिणारे कमोड आणि शॉवर बदलणं सक्तीचं होतं. आवार खणून घराचा पाइप रस्त्यातल्या पाइपाला जोडायचा. जुनी टाकी गाडी बोलावून उपसायची आणि निकामी करायची. काहींनी ती धुऊन पावसाचं पाणी साठवायला ठेवली.

[दृश्य: गावाच्या दक्षिणेचा चढ, झुडपं, खाली पसरलेली घरं]

एक प्रश्न मात्र राहिला होता. टाक्या बंद झाल्या म्हणजे जमिनीत जिरणारं पाणीही थांबलं. तेवढं भरण गेलं, तर भूजल आणखी खाली जाणार. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा वाटा गावाच्या दक्षिणेला ब्रॉडरसनच्या चढावर परत आणला जातो. तिथे वर फक्त वाळू आणि झुडपं दिसतात. खाली पुरलेल्या पाइपांच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, आणि हळूहळू, गावाच्या खालच्या वाळूकडे निघतं.