तीन मिलिमीटरची जाळी

नमस्कार श्रोतेहो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी बघणारं यंत्र. त्यात नमुना ठेवायला तांब्याची एक गोल जाळी असते. व्यास तीन मिलिमीटर, मसुराच्या डाळीहूनही लहान. चिमट्याने कडेला धरायची, द्रावणाचा एक थेंब सोडायचा, वाळू द्यायचा. अशा चार जाळ्या डबीत घालून मी एकदा रात्रीच्या एसटीने पवईला निघालो. आयआयटी मुंबईतल्या 'सैफ'मध्ये माझ्या चांदीच्या बारीक कणांच्या सॅम्पलला स्लॉट मिळाला होता.

सैफ म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभं राहिलेलं, बाहेरच्यांनाही खुलं असलेलं उपकरण केंद्र. देशात अशी केंद्रं १९७०च्या दशकापासून आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटींत जाते. वर निर्वात पंप, सतत गार खोली, हादरे बसू नयेत म्हणून खास जागा, देखभालीचा खर्च. तालुक्याच्या कॉलेजला हे कुठून परवडणार? म्हणून ही सामायिक सोय मला इतकी मोलाची वाटते.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साधा सूक्ष्मदर्शक साधारण २०० नॅनोमीटरपाशी थकतो, त्याहून लहान त्याला दिसत नाही, कारण प्रकाशाची लहरच मोठी. २०० किलोव्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची लहर तिच्याहून लाखपटीपेक्षा लहान. या इलेक्ट्रॉनांना वळवतात ती भिंगंही काचेची नाहीत, चुंबकाची आहेत. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केरळातल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातला करोनाचा विषाणू दाखवला, तो अशाच यंत्रातून. कण होता ७५ नॅनोमीटरचा.

माझ्या पहिल्या जाळीवर मात्र नुसते काळे ढीग. इलेक्ट्रॉन आरपार जायला सॅम्पल १०० नॅनोमीटरहून पातळ लागतं, आणि माझं द्रावण दाट झालं होतं. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून यंत्र चालवणाऱ्या मॅडमनी जराही घाई केली नाही. तीन जाळ्यांचं एकेक घर तपासलं. चौथीच्या कडेला त्या थांबल्या. "सर, इथे बघा." चांदीचे सुटे कण, आणि एका कणात अणूंच्या थरांच्या रेषा, नांगरलेल्या रानातल्या सरींसारख्या. यंत्र विकत आणता येतं. अशी नजर तयार व्हायला वर्षं जातात. या माणसांना जपलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

लहान कॉलेजांतल्या शिक्षकांनो, तुमच्या विद्यार्थ्यांना अशा केंद्रांकडे अर्ज करायला लावा. जमेल तर त्यांना सोबत घेऊन जा, पडद्यासमोर बसू द्या. आणि जाळीवर थेंब सोडण्याआधी द्रावण चांगलं पातळ करून घ्या.

नमस्कार.