तिला विचारलं का?

(दृश्य : बंद दाराआड चाललेली बैठक. टेबलावर बढतीसाठीच्या नावांची यादी.)

बढतीची यादी ठरते, तेव्हा जिच्या नावाची चर्चा चालू असते ती खोलीत नसते. कुणीतरी म्हणतं, "काम चोख आहे तिचं. पण मूल लहान आहे, एवढी फिरती कशी झेपणार?" माना डोलतात. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, वाईट काही नसतं. नावावर पेन्सिलीची रेघ ओढली जाते. त्याच यादीत एका पुरुषाचं मूलही तेवढंच लहान आहे. त्याच्या बाबतीत हा विषयच निघत नाही.

ती रेघ थांबवण्याचा अधिकार टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे असतो. बहुतेक ठिकाणी तो पुरुष असतो. म्हणून समानतेचं काम एकट्या बायकांवर सोडून भागत नाही.

ऑस्ट्रेलियात लिंगभेदविरोधी आयुक्त असलेल्या एलिझाबेथ ब्रॉडरिक यांनी २०१० मध्ये मोठमोठ्या कंपन्यांच्या पुरुष प्रमुखांचा गट करून त्यांनाच या कामाला लावलं. या गटातल्या पुरुषांनी पुढे एक साधा नियम स्वतःला घालून घेतला. परिसंवादाचं निमंत्रण आलं, की होकार देण्याआधी विचारायचं : व्यासपीठावर स्त्रिया किती आहेत?

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर पगाराचे आकडे.)

२०१५. सेल्सफोर्स ही अमेरिकी कंपनी. तिथल्या दोन वरिष्ठ महिला अधिकारी कंपनीचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांच्याकडे गेल्या. म्हणाल्या, आपल्याकडे स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळत असावा, तपासून पाहूया. बेनिऑफ यांना ते पटेना. आपल्या कंपनीत असं होणं शक्य नाही, असंच त्यांना वाटत होतं. तरीही त्यांनी तपासणी करायला लावली, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तफावत निघाली. ती भरून काढायला सुमारे ३० लाख डॉलर लागले. पुढे नव्या कंपन्या विकत घेतल्या, त्यांच्यासोबत त्यांचे जुने पगारही आले, आणि तफावत पुन्हा उभी राहिली. पुन्हा तपासणी, पुन्हा जवळपास तेवढाच खर्च.

तफावत कुणी मुद्दाम ठेवलेली नसतेही. नोकरीला लागताना मागच्या पगारावर नवा पगार ठरतो, आणि तिथला तोटा माणसासोबत पुढच्या प्रत्येक नोकरीत जातो. आकडे मांडल्याशिवाय तो दिसत नाही.

दुसरी गोष्ट रजेची. स्वीडनने १९७४ मध्येच बाळासाठीची रजा आई-बाप दोघांनाही खुली केली. बाप ती फारशी घेत नव्हते. १९९५ मध्ये एक महिना फक्त बापासाठी राखून ठेवला, तो न घेतल्यास वाया जाणार, असं ठरलं, तेव्हा बाप घरी थांबू लागले. पण कायद्याने मिळालेली रजाही हाताखालचा माणूस साहेबाकडे बघूनच मागतो. साहेब स्वतः बाळासाठी महिनाभर घरी राहिला, आणि परत आल्यावर त्याची खुर्ची तशीच असली, तर बाकीच्यांची भीड चेपते. मग "मूल लहान आहे" हे वाक्य फक्त तिच्या नावापुढे येत नाही.

(दृश्य : पुन्हा तीच खोली, तीच यादी.)

"मूल लहान आहे तिचं..."

टेबलाच्या टोकाकडून आवाज येतो, "तिला विचारलं का?"

क्षणभर कुणीच बोलत नाही. मग फोन लावला जातो. ती ऐकून घेते आणि विचारते,

"फिरती महिन्यातून किती दिवस असेल?"