‘नको’ म्हटल्यानंतर

(प्रौढ दिव्यांगांच्या दिवस-केंद्रांतले कर्मचारी, विश्वस्त आणि पालक यांच्यासमोर ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. दिवाळी जवळ आली आहे, म्हणजे ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी केंद्रांत आत्ता पणत्या रंगवणं जोरात असेल. समजा, तिशीतला एक जण टेबलापाशी बसला आहे. हातात ब्रश दिला की तो खाली ठेवतो. पुन्हा दिला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मात्र त्याने ब्रश भिरकावला. संध्याकाळी वहीत नोंद होते : ‘सहकार्य केलं नाही. आक्रमक वर्तन.’

मला त्या पहिल्या दोन वेळांबद्दल बोलायचं आहे. दोन्ही वेळा त्याने शांतपणे ‘नको’ सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं असतं, तर भिरकावण्याची वेळ बहुधा आलीच नसती.

केंद्राच्या माहितीपत्रकात ‘व्यक्तिकेंद्री सेवा’ असं छापलेलं असतं. मी केंद्रात गेले की ते वाचत नाही. तिथे कुणी नकार दिला की पुढे काय होतं, एवढंच पाहते. दुसरं काम सुचवलं जातं? थोडा वेळ नुसतं बसू दिलं जातं? की ‘शहाणा ना तू’ म्हणत ब्रश पुन्हा हातात कोंबला जातो?

हा केवळ चांगुलपणाचा भाग नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी निर्णय संयुक्तपणे घ्यायचे असतात, परस्पर समज आणि विश्वास यांच्या आधारावर, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करारही व्यक्तीच्या इच्छेचा मान राखायला सांगतो. घर, पैसा, उपचार अशा मोठ्या निर्णयांत मत विचारायचं, तर आज काय करायचं आणि कुणाशेजारी बसायचं, हे तर विचारलंच पाहिजे. छोट्या निवडींचा सराव नसेल, तर मोठ्या निर्णयाच्या वेळी ती व्यक्ती गप्पच राहणार.

पण विचारणं हे कौशल्य आहे, आणि आपण ते शिकवत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना आयुष्यभर ‘हो’ म्हटल्याबद्दलच शाबासकी मिळालेली असते. ‘चहा हवा ना?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘चहा की सरबत?’ विचारलं, तर पुष्कळ जण शेवटचा शब्द उचलतात : सरबत. म्हणून थोड्या वेळाने क्रम उलटा करून विचारायचं. उत्तर बदललं, तर प्रश्न पोचलेला नाही असं समजायचं आणि चहाचा कप, सरबताचा पेला प्रत्यक्ष समोर ठेवायचा. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणारी ताई कदाचित नजरेने दाखवेल, पण तिची नजर ठरायला वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा आणि तोवर काही बोलू नका. बहुतेक वेळा आपण तीन-चारपर्यंत पोचतो आणि तिच्या वतीने उत्तर देऊन मोकळे होतो. स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तीला दिवसाचा चित्रतक्ता सकाळीच दाखवला आणि त्यातलं एक चित्र काढून टाकायची मुभा दिली, तर ओरडण्याशिवाय नकार देण्याची वाट तिला मिळते.

मघाशी एका बाबांनी विचारलं, ‘फिटची गोळी नको म्हणाला, तर द्यायची नाही का?’ द्यायची. ती अचानक थांबली तर झटके येऊ शकतात. पण ‘नको’ का, हे शोधायचंच. कडू लागते? घशात अडकते? डॉक्टरांशी बोलून औषधाचं रूप बदलता येईल का? ती कुणाच्या हातून आणि कुठे बसून घ्यायची, हे तरी त्याला ठरवू द्या. घास गिळताना ठसका लागत असेल, तर तिथेही सुरक्षितता पहिली. मात्र सुरक्षिततेचं नाव घेऊन आपण किती गोष्टी बंद करतो, तेही पाहा. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बसमध्ये गर्दी असते म्हणून बस नाही. तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाकाठी, पाणी आहे म्हणून तलावपाळी नाही. रॉबर्ट पर्स्की या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्येच लिहून ठेवलं की माणसाला जोखमीपासून पूर्ण वाचवलं, तर त्याचा मानही काढून घेतला जातो. सोबत माणूस द्या, वेळ दुपारची निवडा, पण न्या.

आणि देणगीदारांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एखाद्या अनोळखी कुटुंबातला वाढदिवस आपल्या केंद्रात साजरा होतो. काम थांबतं, टोप्या घातल्या जातात, केक कापला जातो, फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर फिरतात. चाळिशीच्या बाईंना कुणी विचारलं का, की तुम्हाला टोपी घालायची आहे? फोटो चालेल? देणगीची गरज मला पूर्ण मान्य आहे. तरीही, ज्याला यायचं नाही त्याने शेजारच्या खोलीत आपलं काम चालू ठेवावं, एवढा नियम प्रत्येक केंद्राला करता येतो. देणगीदारांना तो समजावून सांगायचं काम विश्वस्तांचं आहे.

आता पालकांचा प्रश्न : ‘आमच्यानंतर काय?’ राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेकडून पालकत्वाची कागदपत्रं करून घ्या, त्यांचा निरामय आरोग्य विमा काढा. ते हवंच. पण लेकीला आमटी भातावर घातलेली चालत नाही, वाटीतच लागते. मिक्सरच्या आवाजाने ती कानांवर हात ठेवते. मनगट चावायला लागली की दात नाही, पोट दुखत असतं, ही माहिती कुठल्याही सरकारी कागदावर नसते. ती आईच्या डोक्यात असते. ती एका पानावर उतरवा. मला काय आवडतं, काय खपत नाही, मी ‘नको’ कसं सांगते, मला मदत कशी करायची. पान भरताना ती व्यक्ती शेजारी बसलेली हवी आणि निदान चित्रं तरी तिने निवडलेली हवीत. एक प्रत घरी, एक केंद्रात, एक गाडीच्या ड्रायव्हरकडे. दर सहा महिन्यांनी पान नव्याने लिहा, कारण आवडीनिवडी त्यांच्याही बदलतात.

हे पान वाचणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या, घास भरवणाऱ्या मावशी आणि ताई आज मागच्या रांगांत बसल्या आहेत. दहा-बारा जणांमागे एकच ताई असेल, तर दहापर्यंत मोजायला तिला वेळ कुठून मिळणार? ठाण्यातल्या भाड्यात महिना निघणार नाही असा पगार दिला, तर ती वर्षभरात सोडून जाते आणि अनेकांबद्दल तिला असलेली माहितीही तिच्याबरोबर जाते. म्हणून विश्वस्तांकडे माझी मागणी आहे : पुढच्या अंदाजपत्रकात नव्या रंगकामाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आधी या ताईंचा पगार लिहा. महिन्यातली एक दुपार केंद्र बंद ठेवून, पगारी वेळेत, सगळ्यांनी मिळून ही पानं वाचायची सोय करा. त्या दुपारी त्या-त्या व्यक्तीलाही खुर्ची द्या.